आवाज उसना नको!

गॅदरिंगच्या ऑडिशनला माझा आवाज वरच्या ‘सा’ला फाटला आणि अख्खा हॉल हसला. आवडत्या गायकाची पट्टी धरायला गेलो होतो! गाणं बंद, असं ठरवून रूमवर आलो. तेव्हा पार्टनरने कुमार गंधर्व लावले. हे असं तुटक का गातात, हे शोधताना त्यांचं आयुष्यच हाती लागलं.

शिवपुत्र कोमकली हे मूळ नाव. जन्म १९२४, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून हुबेहूब गायचे. मुंबईत बी. आर. देवधरांकडे शिकले, नाव झालं आणि ऐन तारुण्यात क्षयाने गाठलं. १९४८ मध्ये कोरड्या हवेसाठी देवासला गेले. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. पत्नी भानुमतींनी सेवा केली, स्ट्रेप्टोमायसिनने जीव वाचला. पण एक फुप्फुस निकामी झालं.

अंथरुणावर पडल्या पडल्या ते माळव्याची लोकगीतं ऐकत राहिले. पाचेक वर्षांनी पुन्हा गायला बसले, तेव्हा लांब दमसास नव्हता. मग त्यांनी छोट्या, टोकदार स्वराकृतींत गाणं मांडलं. काहींनी नाकं मुरडली, पण तीच त्यांची गायकी ठरली. १९९० मध्ये पद्मविभूषण मिळालं, १९९२ मध्ये देवासलाच ते गेले.

कुणाचीही नक्कल करू शकणाऱ्याला स्वतःचा आवाज सापडला तो श्वास कमी पडल्यावर! मित्रांनो, मीही पांढरी चारचा हट्ट सोडलाय. काळी एकला रोज रियाज करतो. बाजूच्या रूमवाल्यांनी सांभाळून घ्यावं!