पडायला शिकवणारा हेडमास्तर

स्मरणिकेच्या संपादक मंडळानं माझ्याकडे विषय सोपवला तो असा : इतकी वर्षं ज्युदो खेळलास, शिकवलास, त्यातून आयुष्याला काय मिळालं ते लिही. मी होकार दिला, आणि लिहायला बसल्यावर लक्षात आलं की माझ्याविषयी सांगण्यासारखं फारतर दोन परिच्छेद आहे. जे काही मिळालं ते ज्या माणसामुळे मिळालं, त्याच्याविषयी मात्र पानंच्या पानं लिहिता येतील. हा माणूस जपानी होता, पेशानं शिक्षक होता, आणि आयुष्याची बरीच वर्षं त्यानं मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर काढली. शाळेच्या स्मरणिकेत त्याला जागा मिळायला हरकत नसावी. त्याचं नाव जिगोरो कानो. ज्युदोचा जनक.

१९८५च्या दहावीच्या बॅचमधल्या मित्रांना आठवत असेल, आपल्या मैदानाच्या कडेला पत्र्याची शेड होती. तिच्यात लाकडाचा भुसा पसरून वर ताडपत्री ताणलेली असायची, आणि तिथं पीटीच्या सरांनी आम्हा आठ-दहा जणांना ज्युदो शिकवायला सुरुवात केली. भिंतीवर खिळ्याला एक फोटो टांगलेला होता. किमोनो घातलेले, मिशी असलेले एक गंभीर गृहस्थ. आत जाताना आणि बाहेर पडताना त्यांना वाकून नमस्कार करायचा, एवढंच आम्हाला ठाऊक. ते कोण, हे मला नीट कळायला पुढं बरीच वर्षं लागली.

कानो यांचा जन्म १८६०चा, कोबेजवळच्या मिकागे गावातला. घराणं साके नावाची तांदळाची दारू गाळणारं, खाऊनपिऊन सुखी. नऊ-दहा वर्षांचे असताना आई गेली. पुढं वडिलांनी मुलाला शिक्षणासाठी टोकियोला आणलं. तो काळ जपानमध्ये सगळं उलटंपालटं होण्याचा होता. सामुराईंची सद्दी संपली होती, जो तो पाश्चात्त्य विद्येच्या मागे लागला होता. जिगोरो अभ्यासात हुशार, इंग्रजीत तरबेज, पण अंगानं अगदी किरकोळ. मोठेपणीसुद्धा उंची पाच फूट दोन इंचांच्या आसपासच राहिली. वसतिगृहातली दांडगी पोरं अशा मुलाचं काय करतात, हे आपल्यापैकी अनेकांना सांगायची गरज नाही. रोज मार, रोज अपमान.

त्यानं कुठंतरी ऐकलं होतं की जुजुत्सू नावाची एक जुनी विद्या आहे, जिच्यात अशक्त माणूस धट्ट्याकट्ट्याला लोळवू शकतो. घरी येणाऱ्या एका परिचिताला ती येत होती. जिगोरोनं शिकवण्याची गळ घातली, त्यानं टाळलं. नव्या जमान्यात ही जुनाट कला कशाला, असाच सगळ्यांचा सूर. वडिलांनाही आधी ते पसंत नव्हतं. अखेर त्यांनी परवानगी दिली ती या बोलीवर, की धरलंस तर अर्ध्यावर सोडायचं नाही.

आता गुरू शोधायचा कुठं? इथं या मुलाची बुद्धी दिसते. जुजुत्सूचे उस्ताद पोटापाण्यासाठी हाडं बसवण्याचं काम करतात, हे त्याच्या कानावर आलं होतं. मग तो टोकियोच्या गल्ल्यांतून हाडवैद्यांच्या पाट्या शोधत फिरू लागला. कोल्हापूर-सांगलीकडच्या मंडळींना याचं नवल वाटणार नाही. तालमीतल्या वस्तादाकडे निखळलेला खांदा बसवून घ्यायला आपल्याकडेही लोक जातातच. अशाच एका हाडवैद्यानं त्याला फुकुदा हाचिनोसुके यांच्याकडे पाठवलं. साल १८७७. जिगोरो तेव्हा टोकियो विद्यापीठात दाखल झाला होता.

फुकुदांची शिकवण्याची तऱ्हा अशी, की जिगोरोनं एखादा डाव कसा बसतो म्हणून विचारलं की ते त्याला उचलून आपटायचे. पुन्हा विचारलं की पुन्हा आपटायचे. समज शब्दांनी येत नाही, अंगानं येते, एवढाच त्यातला अर्थ. पोराच्या अंगभर मलमपट्ट्या असायच्या आणि वर्गातले सोबती मलमाच्या वासावरून त्याची टर उडवायचे. पण तो खाडा करत नव्हता.

त्या आखाड्यात फुकुशिमा नावाचा एक जाडजूड गडी होता. त्याच्यापुढे जिगोरोचं काही चालेना. हार खाऊन दुसरा चिडला असता, नाहीतर येणंच बंद केलं असतं. याला ते कोडं वाटलं. आधी त्यानं सुमोच्या डावांत उत्तर शोधलं, जमलं नाही. मग तो ग्रंथालयात गेला आणि पाश्चात्त्य कुस्तीवरचं पुस्तक धुंडाळलं. त्यात प्रतिस्पर्ध्याला खांद्यांवर आडवा घेऊन टाकायचा डाव सापडला. मित्रावर सराव करून त्यानं तो फुकुशिमावर लावला आणि तो डोंगर आडवा झाला. ज्युदोत आजही हा डाव कातागुरुमा या नावानं शिकवतात. मी मुलांना तो शिकवतो तेव्हा ग्रंथालयाची गोष्ट आवर्जून सांगतो. हरल्यावर रडायचं की पुस्तक उघडायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं.

१८७९ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष ग्रँट जपानला आले, तेव्हा त्यांच्यापुढे झालेल्या प्रात्यक्षिकात तरुण कानो होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत फुकुदा वारले. दुसरे गुरू इसो. तेही १८८१ मध्ये गेले. मग तिसरे, इइकुबो. हे वेगळ्या घराण्याचे, फेकीच्या डावांत निष्णात. त्यांच्याकडे शिकताना कानोंना आपल्या विद्येची गुरुकिल्ली सापडली. उभ्या माणसाला ताकदीनं उपटायला जाऊ नये. आधी त्याचा तोल ढळवावा. तो ढकलत असेल तर आपण ओढावं, ओढत असेल तर ढकलावं, आणि तोल गेला की मग हलक्या हातानं टाकावं. याला ज्युदोत कुझुशी म्हणतात. ज्या दिवशी इइकुबोंना या शिष्याला टाकणं जमेना, त्या दिवशी त्यांनी कारण विचारलं आणि शिष्यानं ते सांगितलं. गुरूनं ते मोकळ्या मनानं मान्य केलं आणि आपल्याकडे शिकवण्यासारखं आता उरलं नाही असं सांगून परंपरेच्या पोथ्याही सोपवल्या. असा शिष्य मिळणं भाग्याचं, आणि असा गुरू त्याहून दुर्मीळ.

१८८२ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, कानोंनी टोकियोतल्या एइशोजी नावाच्या बौद्ध मंदिरात आपली शाळा काढली. नाव कोदोकान, म्हणजे मार्गाचा अभ्यास करण्याचं ठिकाण. जागा बारा चटयांची आणि पहिल्या वर्षी विद्यार्थी नऊ. आपटाआपटीनं मंदिराची जमीन हादरायची, पुजारी वैतागायचे. तख्तपोशी मोडली की मास्तर स्वतः कंदील घेऊन खाली शिरायचे आणि ठोकून दुरुस्त करायचे. दिवसा ते गाकुशुइन या बड्या घरच्या मुलांच्या शाळेत शिकवत आणि संध्याकाळी इथं.

जुजुत्सूमधला जुत्सू म्हणजे कसब. तो शब्द काढून त्यांनी दो घातला, म्हणजे मार्ग. हा बदल नुसता पाटीवरचा नव्हता. जीवघेणे डाव त्यांनी मोकळ्या झुंजीतून वगळले आणि फक्त ठरावीक साच्याच्या सरावात ठेवले, म्हणजे मुलं पूर्ण ताकदीनं भिडू शकतील आणि धडधाकट घरी जातील. आणि सगळ्यात आधी काय शिकवायचं, तर पडायचं कसं. उकेमी. हनुवटी छातीला, पाठ गोल, हाताचा तळवा जमिनीवर सपाट आपटायचा, की धक्का अंगभर वाटला जातो आणि डोकं वाचतं. आम्हीही पहिले कित्येक आठवडे त्या ताडपत्रीवर नुसते पडत होतो. ज्याला पडायची भीती उरत नाही तो मोकळेपणानं खेळतो, हे त्यामागचं साधं शास्त्र.

१८८६च्या सुमाराला टोकियो पोलिसांनी भरवलेल्या सामन्यांत कोदोकानच्या पोरांनी जुन्या घराण्यांच्या मल्लांना हरवलं आणि ज्युदोचं नाव झालं. पण कानो आखाड्यापुरते राहिले नाहीत. १८८९ मध्ये ते युरोपातल्या शाळा पाहायला गेले. परतीच्या प्रवासातला एक प्रसंग सांगितला जातो. बोटीवर एका धिप्पाड रशियन अधिकाऱ्यानं त्यांना आव्हान दिलं. त्यांनी त्याला टाकलं, पण तो डोक्यावर आदळणार असं दिसताच हातानं त्याचं डोकं सावरलं. जिंकणं त्याच क्षणी झालं होतं, सावरणं ही पुढची पायरी होती. ज्युदोत आजही टाकणाऱ्याचा एक हात समोरच्याची बाही धरून असतो, तो यासाठीच.

१८९१ मध्ये कानो कुमामोतोच्या वरिष्ठ शाळेचे प्रमुख झाले. जपानवर पुस्तकं लिहिणारे लाफकादिओ हर्न तिथंच त्यांच्या हाताखाली शिक्षक होते. १८९३ पासून टोकियोच्या उच्च शिक्षक-प्रशिक्षण विद्यालयाचे ते प्रमुख झाले आणि मध्ये खंड पडला तरी १९२० पर्यंत मिळून वीसहून अधिक वर्षं ते पद सांभाळलं. चीनमधून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी शाळा काढली. थोर चिनी लेखक लू शुन तिथं शिकले. १९०९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर निवडले गेले, आशियातले पहिले सदस्य म्हणून. १९१२ मध्ये स्टॉकहोमला जपाननं पहिल्यांदा भाग घेतला तेव्हा संघात खेळाडू होते फक्त दोन, आणि प्रमुख होते कानो.

१९२२ मध्ये त्यांनी आपल्या साऱ्या शिकवणीचं सार दोन सूत्रांत मांडलं. आपल्याजवळच्या शक्तीचा, मनाच्या आणि शरीराच्या, सर्वांत उत्तम उपयोग करावा, हे पहिलं. आपण आणि दुसरा मिळूनच वर येतो, हे दुसरं. चटईवर याचा अर्थ सरळ आहे : समोर कुणी उभा नसेल तर माझा सराव होत नाही. म्हणून झुंजीआधी आणि झुंजीनंतर त्याला नमस्कार.

हे सूत्र मला कधी कळलं ते सांगतो. मी चाळिशीत असताना ज्या कारखान्यात कामाला होतो तो बंद पडला. सहा महिन्यांचा पगार थकलेला, घराचा हप्ता चालू, मुलगी सातवीत. त्या काळात मी संध्याकाळचा ज्युदोचा वर्ग एकही दिवस चुकवला नाही. चटईवर उतरलं की तासभर हनुवटी छातीला लावून पडत राहायचं, उठत राहायचं. पडलेल्या माणसानं आधी डोकं वाचवायचं असतं, बाकीचं मग बघता येतं, हे तेव्हा अंगानं समजलं. नोकरीची खटपट करताना ओळखीतल्या चार जणांकडे हात पसरायला मला लाज वाटली नाही, कारण दुसऱ्याच्या आधारानं उठणं हा खेळाचाच भाग आहे हे मनावर कोरलेलं होतं. त्या चौघांतले दोघे आपल्याच वर्गातले. त्यांची नावं लिहिलेली त्यांना आवडणार नाहीत.

कानोंचे शिष्य जगभर गेले. ताकागाकी हे त्यातले एक. ते १९२९ मध्ये रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात ज्युदो शिकवायला आले होते. आपल्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकलं, त्या गटातला सुवर्णविजेता इशी हा मूळचा ज्युदोत घडलेला मल्ल होता. बारा चटयांचं कोदोकान १९३४ मध्ये पाचशेहून जास्त चटयांच्या नव्या इमारतीत गेलं.

म्हातारपणी कानोंनी एकच ध्यास घेतला, टोकियोला ऑलिंपिक आणण्याचा. १९३६ मध्ये १९४०चं यजमानपद मिळालं. पण चीनशी युद्ध पेटलं आणि ते यजमानपद डळमळलं. १९३८ मध्ये सत्त्याहत्तर वर्षांचा हा माणूस कैरोच्या बैठकीला गेला, बाजू लढवली, आणि अमेरिकेमार्गे परतताना हिकावा मारू या बोटीवर न्यूमोनियानं आजारी पडला. ४ मे १९३८ रोजी, योकोहामा दोन दिवसांवर असताना, ते गेले. जुलैत जपाननं ऑलिंपिकवर पाणी सोडलं.

टोकियोला ऑलिंपिक भरलं ते १९६४ मध्ये, आणि त्यात ज्युदो पहिल्यांदा आला. खुल्या गटाच्या अंतिम लढतीत हॉलंडच्या अवाढव्य गेसिंकनं जपानच्या कामिनागाला त्याच्याच घरात हरवलं. सगळं सभागृह सुन्न. आनंदानं बेभान झालेले डच पाठीराखे चटईकडे धावले, तर गेसिंकनं हात वर करून त्यांना थोपवलं. आधी प्रतिस्पर्ध्याला नमस्कार, मग आनंद. कानो ते पाहायला नव्हते, पण मला वाटतं त्यांची सगळी हयात त्या एका उंचावलेल्या हातात होती.

जाता जाता एक मागणं. आपल्या मेळाव्यानिमित्त शाळेला निधी द्यायचं चाललं आहे. संगणक कक्ष होईल, रंगरंगोटी होईल, व्हायलाच हवी. आपली पत्र्याची शेड मात्र केव्हाच पाडली गेली. नव्या इमारतीत बारा चटयांपुरती एक खोली ठेवा. शिकवायला मी येईन, आठवड्यातून तीन संध्याकाळी, पैसे न घेता. मुलं पहिले दोन महिने फक्त पडतील. पालक तक्रार करतील, त्यांची समजूत मी घालेन.