साने गुरुजी : दुखावल्या बालमनाचे सोबती

साने गुरुजी म्हटले की खादीचा सदरा, डोक्यावर टोपी आणि डोळ्यांत पाणी अशी एक मूर्ती आपल्यापुढे उभी राहते. शाळेत असताना २४ डिसेंबरला त्यांच्या तसबिरीला हार घालायचा, त्यांची प्रार्थना म्हणायची, कोणीतरी ‘श्यामची आई’तला एखादा प्रसंग सांगायचा आणि मग पांगायचे, हे आपण सर्वांनीच केलेले आहे. परंतु याच गुरुजींनी ११ जून १९५० रोजी, पन्नाशी नुकतीच उलटलेली असताना, आपले जीवन आपणच संपवले, ही गोष्ट शाळेच्या दहा वर्षांत मला तरी कोणी सांगितली नाही. कॉलेजात आल्यावर ती मी वाचली आणि काही दिवस मन थाऱ्यावर नव्हते. ज्यांनी महाराष्ट्रातल्या हजारो मुलांचे डोळे पुसले त्यांचे स्वतःचे डोळे पुसायला कोणी नव्हते काय? या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकेन असे नाही. पण गुरुजींचे चरित्र या एका बाजूने पुन्हा पाहावे असे वाटले, म्हणून हा लेख.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड या गावी झाला. हे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात आहे. घराणे खोताचे, पण पांडुरंगाला कळू लागले तोपर्यंत वैभव सरून कर्ज उरले होते. मुलगा हळवा, भित्रा, एकलकोंडा. असा मुलगा चार पोरांत सापडला की त्याचे काय होते हे वेगळे सांगायला नको! ‘श्यामची आई’त पोहण्याचा प्रसंग आहे. गावची सगळी मुले विहिरीत उड्या मारायला शिकत आहेत आणि श्याम भीतीने माळ्यावर लपून बसला आहे. आई त्याला शोधून काढते, शिंपटीने मारते आणि विहिरीवर पाठवते. नंतर तीच त्याला जवळ घेते, दही देते. आईच्या मारामागे कारण होते. जग आपल्या मुलाला भित्रा म्हणून हिणवील ही गोष्ट तिला सहन होत नव्हती. आज कोणी हा मार योग्य म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण जगाच्या हसण्याचे भय त्या माउलीला किती होते हे त्यातून दिसते.

याच पुस्तकात त्याहून कठीण असा एक प्रसंग आहे, आणि आमच्या पाठ्यपुस्तकात तो कधी आला नाही. कर्जापायी सान्यांच्या घरावर जप्ती येते. गावात ढोल वाजवून तशी दवंडी पिटली जाते. ती शाळेजवळही होते. श्यामचा धाकटा भाऊ त्या वेळी वर्गात बसलेला आहे. पोरे त्याला चिडवू लागतात. तो रडवेला होऊन मास्तरांकडे घरी जाण्याची परवानगी मागतो, तर मास्तर त्याला खाली बसवतात. शाळा सुटते आणि मग सगळी पोरे त्याच्यावर तुटून पडतात. मार नाही, फक्त शब्द. पोर रडत घरी येते आणि आईच्या कुशीत शिरते. तिचीही अब्रू गेलेली आहे, ती काय समजूत घालणार? तरी ती त्याला पोटाशी धरते.

माझी आई विड्या वळते. तिला अक्षरओळख नाही. मागच्या सुट्टीत मी हे पुस्तक तिला रोज थोडे मोठ्याने वाचून दाखवत होते आणि ती पानावर कात्री चालवीत ऐकत होती. पोहण्याच्या गोष्टीला ती हसली. दवंडीच्या गोष्टीला मात्र तिचे हात थांबले. त्या मास्तरने पोराला घरी का जाऊ दिले नाही, एवढेच तिने विचारले. मला वाटते, गुरुजींच्या सगळ्या साहित्याची समीक्षा त्या प्रश्नात आहे. चिडवणारी मुले तर असतातच. पण समोर बसलेला मोठा माणूस काही पाहत नाही, हे गुरुजींना जास्त लागले होते. आणि पुढे ते स्वतः मास्तर झाले, ते जणू त्या मास्तराची भरपाई करण्यासाठीच!

मधली वर्षे थोडक्यात सांगते. शिक्षणासाठी पांडुरंग दापोली, मग औंध संस्थान, मग पुणे असा वणवण फिरला. औंधला प्लेग आला म्हणून ते सोडावे लागले. पुण्यात हाताने स्वयंपाक करून, कधी अर्धपोटी राहून तो शिकला. १९१७ साली आई गेली आणि शेवटच्या घटकेला त्याला तिच्याजवळ पोहोचता आले नाही. हे शल्य त्यांच्या मनातून कधीच गेले नाही. पुढे न्यू पूना कॉलेजातून, म्हणजे आजच्या स. प. महाविद्यालयातून, पदवी घेऊन ते खानदेशात अमळनेरला गेले आणि १९२४ मध्ये तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले.

अमळनेरची सहा वर्षे हा मला त्यांच्या आयुष्यातला सर्वांत सुंदर काळ वाटतो. शाळेच्या छात्रालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. खेड्यापाड्यांतून आलेली, प्रथमच घर सोडलेली मुले तिथे राहत. (आपल्या कॉलेजच्या वसतिगृहात मंगळवेढा, करमाळा, अक्कलकोटकडून आलेल्या मुलामुलींना पहिले दोन महिने कसे जातात ते त्यांनाच विचारावे.) मुले शाळेत गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडत, कंदिलाच्या काचा पुसत, अस्ताव्यस्त कपड्यांच्या घड्या घालून ठेवत. कोणाला रागावणे नाही, उपदेश नाही. मुलांना लाज वाटे आणि ती आपणहून नीटनेटकी होत. आजारी मुलाच्या उशाशी ते रात्र काढत. पगारातला पैसा गरीब मुलांच्या फीमध्ये जाई. आणि ‘छात्रालय दैनिक’ नावाचे एक हस्तलिखित ते मुलांसाठी स्वतःच्या हाताने लिहून काढत. रोज! वर्षातून एक अंक काढताना आपल्या संपादक मंडळाला काय घाम फुटतो हे आपण जाणतोच.

या मुलांवरून पुढे त्यांनी ‘धडपडणारी मुले’ ही कादंबरी लिहिली. त्यातील स्वामी म्हणजे बव्हंशी गुरुजीच. गाजलेले समीक्षक या कादंबरीला फारसे मोजत नाहीत. भाषणे लांबतात, माणसे फार चांगली आहेत, असे म्हणतात. ते खरेही आहे. तरीपण एखाद्या मुलाचे तोंड उतरले आहे हे ज्याच्या लक्षात येते असा एक तरी माणूस त्या छात्रालयात आहे, म्हणून ती वाचवते.

१९३० साली इकडे आपल्या सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला, त्याच सुमारास गुरुजींनी नोकरी सोडून सत्याग्रहात उडी घेतली. मग धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक असे तुरुंग. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबा गीतेवर बोलत आणि गुरुजी ते झरझर लिहून घेत. ‘गीता प्रवचने’ आपल्याला मिळाली ती त्यांच्या लेखणीमुळे. ‘श्यामची आई’ त्यांनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये लिहिली. ९ ते १३ फेब्रुवारी, अवघ्या पाच दिवसांत तिचा बहुतेक भाग लिहून झाला. ती १९३५ साली प्रसिद्ध झाली, आणि आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये तिच्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, हे सर्वांना ठाऊक आहे.

इथे एक तुलना करावीशी वाटते. आमच्या इंग्रजीच्या सरांनी एकदा तासाला जे अॅशर या अमेरिकन लेखकाच्या ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ या कुमारांसाठी लिहिलेल्या कादंबरीविषयी सांगितले. ती २००७ साली निघाली आणि २०१७ मध्ये तिच्यावर मालिका झाली. शाळेतल्या छळामुळे एक मुलगी आत्महत्या करते आणि तत्पूर्वी कॅसेटींवर आपले म्हणणे मुद्रित करून ठेवते. तिच्या मरणानंतर त्या कॅसेटी तिला दुखावणाऱ्या एकेकाकडे पोहोचतात. मी ती वाचली. लेखकाने छळ लपवला नाही, मुलीचे दुःख खोटे ठरवले नाही, हे मोलाचे आहे. पण मला ती पटली नाही. कारण त्या कथेत मरण हेच मुलीचे उत्तर होऊन बसते. मेल्यावर सगळे तिचे ऐकतात! खऱ्या आयुष्यात मेलेल्याला काहीच ऐकू येत नाही आणि मागे राहिलेल्यांना कोणत्याही कॅसेटीतून समाधान मिळत नाही. या मालिकेवर जगभर टीका झाली आणि २०१९ मध्ये त्यातले मृत्यूचे दृश्य काढून टाकावे लागले. हा वाद नवा नाही. गटेची ‘वेर्थर’ ही कादंबरी १७७४ मध्ये निघाली तेव्हाही तरुण तिचे अनुकरण करतील या धास्तीने काही ठिकाणी तिच्यावर बंदी आली होती.

‘श्यामची आई’त मुलाचा अपमान तितकाच कडू आहे, दारिद्र्य तर फारच. पण रडणारे पोर कुठे जाऊन रडले हे गुरुजी प्रत्येक वेळी सांगतात. कोणाच्या तरी मांडीवर त्याचे डोके असते. त्यांना भाबडे म्हणणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळते. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. तो मिळावा म्हणून गुरुजी महिनोन्‌महिने महाराष्ट्रभर फिरले आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात त्यांनी उपोषण सुरू केले. या काळात त्यांची जी टवाळी झाली ती वाचून मान खाली जाते. त्यांच्याविरुद्ध यमके जुळवून घोषणा दिल्या गेल्या, त्यांच्या रडण्याची नक्कल झाली. गांधीजींचीही या उपोषणाला संमती नव्हती, आणि गुरुजींना त्याचे दुःख सर्वांत जास्त झाले असले पाहिजे. तरी ते हटले नाहीत. दहा-अकरा दिवसांनी मंदिर खुले करण्याचे मान्य झाले आणि उपोषण सुटले. आषाढीला आपण पंढरीला जातो तेव्हा त्या दाराशी कोण किती दिवस उपाशी होते हे किती जणांना आठवते?

हे एवढे धैर्य ज्याच्यात होते तो मनुष्य दुबळा होता असे म्हणण्याची कोणाची छाती होईल? आणि तरीही पुढल्या तीन वर्षांत त्यांचे मन खचत गेले. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. मारेकरी महाराष्ट्रातला, मराठी बोलणारा, याचे प्रायश्चित्त म्हणून गुरुजींनी २१ दिवसांचा उपवास केला. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. भारतातल्या सर्व भाषा एकमेकींना भेटाव्यात म्हणून आंतरभारतीची कल्पना मांडली. पुतणी सुधा हिला ते पत्रे लिहीत. फुले, पाखरे, पाऊस, आकाश यांनी भरलेली ती पत्रे पुढे ‘सुंदर पत्रे’ म्हणून पुस्तकरूपाने आली. ती वाचताना, हे लिहिणाऱ्याच्या मनात दुसरीकडे काय चालले असेल याची पुसटशीही शंका येत नाही. मला याचीच भीती वाटते. आपल्या शेजारच्या बाकावर बसून हसणाऱ्या, छान अक्षरात वही लिहिणाऱ्या मैत्रिणीविषयी तरी आपल्याला कुठे काय कळते!

गुरुजींच्या शेवटाविषयी लिहिताना बरेच लेखक आत्मार्पण असा शब्द वापरतात. त्यामागची भक्ती मला समजते, पण तो शब्द मला नको वाटतो. अर्पण म्हटले की त्यातून कोणाला तरी काही मिळाल्यासारखे वाटते. इथे कोणाला काय मिळाले? सुधाला पत्रे यायची थांबली. ‘साधना’चे संपादक गेले. सेवादलातली मुले पोरकी झाली. गांधींचा वध, राजकारणातली निराशा, एकटेपण, अशी कारणे चरित्रांतून दिली जातात. एकाच कारणाने माणूस असे करतो हे मला मुळीच खरे वाटत नाही. मनाचे दुखणे हे दुखणेच असते आणि त्या काळी त्यावर उपचार मागण्याची सोय तर नव्हतीच, रीतही नव्हती. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे कायदा तेव्हा गुन्हेगार म्हणून पाहत असे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो माणूस तीव्र ताणाखाली होता असे मानून त्याला शिक्षेऐवजी मदत द्यायचे ठरवले. आज सरकारची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा आहे, तिचा क्रमांक १४४१६. फुकट आहे, मराठीतही बोलता येते. आपल्या फलकावर परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी तो लावायला काय हरकत आहे?

शाळांनी ११ जूनविषयी गप्प बसावे, मुलांच्या मनावर परिणाम होईल, असे मला एका वडीलधाऱ्यांनी सांगितले. ते चांगल्या हेतूनेच बोलले. पण जी गोष्ट कोणी बोलत नाही ती मुले एकटीच वाचतात, आणि एकटीच मनात घोळवतात. मीही तसेच केले. त्यापेक्षा वर्गात, मोठ्या माणसासमोर ती ऐकायला मिळाली असती तर बरे झाले असते.

मराठी विभागाच्या भित्तिपत्रकाचा अंक दरवर्षी २४ डिसेंबरला गुरुजींवर निघतो. पुढच्या अंकात पालगड, अमळनेर आणि पंढरपूर यांच्याबरोबर शेवटच्या दोन वर्षांवरही एक पान लिहायचे, असे आम्ही तिघींनी ठरवले आहे. मॅडमना विचारले, त्यांनी होकार दिला आहे. त्यासाठी ‘सुंदर पत्रे’ सध्या माझ्या नावावर घेतलेले आहे. ज्यांना हवे असेल त्यांनी सांगावे, मी वाचून झाल्यावर लगेच परत करीन.