सह्याद्रीच्या फुलांचे नोंदकार : फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव, ये.सं.

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेल्या जुन्या पिढीला फादर सांतापाव हे नाव अपरिचित नाही. आपल्या धर्मग्रामांत मात्र ते क्वचितच ऐकू येते. शाळा, दवाखाने आणि मंदिरे उभारणाऱ्या धर्मगुरूंचे आपण कृतज्ञतेने स्मरण करतो. डोंगरातील गवत आणि झुडपे यांची आयुष्यभर नोंद ठेवणारा येशूसंघीय सहज विस्मरणात जातो.

स्पेनमधील तारागोना प्रांतात ला गालेरा नावाचे खेडे आहे. तेथे ५ डिसेंबर १९०३ रोजी हर्मेनेगिल्ड यांचा जन्म झाला. तरुण वयातच ते येशूसंघात दाखल झाले आणि १९२८ साली भारतात आले. पुढे वरिष्ठांनी त्यांना उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविले. लंडन विद्यापीठातून त्यांनी वनस्पतीशास्त्रात डॉक्टरेट मिळविली आणि क्यू येथील जगप्रसिद्ध वनस्पती उद्यानात भारतीय वनस्पतींचा अभ्यास केला. १९४० साली ते झेवियर्समध्ये प्राध्यापक म्हणून रुजू झाले. कालांतराने त्यांनी भारताचे नागरिकत्वही स्वीकारले.

झेवियर्समध्ये स्विस येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लाटर यांनी जमविलेला वाळविलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह होता. फादर सांतापाव यांनी तो वारसा नेटाने पुढे चालविला. अशा संग्रहाचे काम वरवर पाहता रुक्ष वाटते. फांदी तोडायची, कागदांच्या थरात दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची आणि खाली ठिकाण, तारीख व गोळा करणाऱ्याचे नाव लिहायचे. परंतु ही एक चिठ्ठी म्हणजे कायमची साक्ष असते. अमुक वनस्पती अमुक वर्षी अमुक डोंगरावर होती, हे ती पन्नास वर्षांनंतरही सांगते. वनस्पती नाहीशी झाली हे सिद्ध करायचे असेल, तर ती आधी तेथे होती याचा पुरावा लागतोच.

हे काम त्यांनी सर्वाधिक चिकाटीने केले ते खंडाळ्यात. थिओडोर कुक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला होता. पण फादरांना एकाच परिसराचा बारकाईने, ऋतूमागून ऋतू अभ्यास करायचा होता. त्यातून तयार झालेला खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ प्रथम १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतरही त्यांनी त्यात भर घालणे थांबविले नाही; १९६७ साली त्याची सुधारित आवृत्ती निघाली. अनेक वर्षांनी एकदाच डोंगरच्या डोंगर जांभळे करून टाकणाऱ्या कारवीच्या सामूहिक फुलोऱ्यावरही त्यांनी लिहिले. असा विषय हाती घेणाऱ्याला पुढच्या फुलोऱ्याची वाट पाहत थांबावे लागते. अध्यापन सांभाळून त्यांनी ते कसे साधले असेल, याचे नवल वाटते.

त्याच काळात परक्या वनस्पतींचे आक्रमण वाढत होते. आपल्या वाडीच्या कुंपणात दिसणारी घाणेरी ही मुळात अमेरिका खंडातील. एकोणिसाव्या शतकात ती शोभेचे झुडूप म्हणून येथे आणली गेली. पक्षी तिची फळे खाऊन बी दूरवर टाकतात, गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत आणि तोडली तरी ती बुंध्यातून पुन्हा फुटते. गाजर गवताची कथा याहून अलीकडची. पुण्यात आढळलेल्या या तणाची भारतातील नवी नोंद १९५६ साली मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. त्या काळात या नियतकालिकाच्या संपादनात फादर सांतापाव यांचाही सहभाग होता. त्या छोट्याशा नोंदीतील झाड पुढे देशभर पसरेल, शेते व्यापील आणि माणसांना त्वचारोग व दम्याचा त्रास देईल, असे ती वाचताना किती जणांना वाटले असेल? एकेक झाड हजारो बिया टाकते, आणि त्याच्या अंगचे द्रव्य शेजारच्या रोपांची वाढ खुंटविते.

नाजूक वनस्पतींची स्थिती नेमकी उलटी असते. १९६६ साली फादरांनी आपल्या सहकाऱ्यासमवेत मुंबई परिसरातील आमरींवर, म्हणजे ऑर्किडवर, ग्रंथ लिहिला. यांपैकी अनेक आमरी झाडांच्या फांद्यांवर वाढतात. वृक्ष पडला की त्याही जातात. त्यांचे बी धुळीसारखे बारीक असते व योग्य बुरशीची साथ मिळाल्याशिवाय ते रुजत नाही. त्यामुळे एका जागी नष्ट झालेली आमरी दुसरीकडे सहज उभी राहत नाही.

१९६१ ते १९६७ या काळात ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण या शासकीय संस्थेचे संचालक होते. १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. नोव्हेंबर १९६९ मध्ये जागतिक निसर्ग संरक्षण संघाचे अधिवेशन नवी दिल्लीत भरले. ते अधिवेशन आज वाघाच्या प्रश्नासाठी आठवले जाते. त्याच वेळच्या तांत्रिक बैठकीसाठी फादरांनी निबंध लिहिला तो संकटात सापडलेल्या वनस्पती आणि त्यांच्या वसतिस्थानांवर. वाघाची डरकाळी ऐकू येते, गवताची नाही. तेव्हा असा निबंध किती जणांनी लक्षपूर्वक वाचला असेल, ही शंकाच आहे. बैठकीचे इतिवृत्त १९७० साली छापले गेले. त्याच वर्षी १३ जानेवारीला फादर सांतापाव प्रभूकडे गेले.

त्यांच्या हयातीतच, १९६८ साली, सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी सह्याद्रीतील एका कंदीलपुष्पाला ‘सेरोपेजिया सांतापावी’ असे नाव दिले. बारीक वेलीवर लागणारे हे कंदिलाच्या आकाराचे फूल पावसाळ्यात उमलते. या कुळातील अनेक जातींचे कंद माणसे उकरून खातात, आणि सह्याद्रीबाहेर ज्यांचा ठावठिकाणा नाही अशा काही दुर्मिळ जातींमध्ये फादरांच्या नावाची ही वेलही आहे.