स्टड यांचा आवेश आणि माझा सोमवार

आजचे वाचन : १ थेस्सलनीकाकरांस ४:९-१२, रोमकरांस १२:११



गेल्या रविवारी आमच्या तरुण संघात सी. टी. स्टड यांची साक्ष सांगितली गेली. शेवटी विचारलं गेलं, की असं प्रभूसाठी जळायला कोण तयार आहे? बरेच हात वर गेले. माझा गेला नाही. घरी आलो, आईला रात्रीच्या गोळ्या काढून दिल्या, ऑफिसची बॅग भरली आणि अंथरुणावर पडल्यावर मनात आलं, मी अर्धाच ख्रिस्ती आहे का? हा प्रश्न काही पाठ सोडेना. म्हणून आठवडाभर स्टड यांचं चरित्र पुन्हा वाचलं.

चार्ल्स स्टड यांचा जन्म १८६० चा. वडिलांनी आपल्या बिहारमधल्या तिरहुतात निळीच्या मळ्यांवर मोठी संपत्ती कमावली होती. मुलगा केंब्रिजचा आणि इंग्लंडचा नावाजलेला क्रिकेटपटू. १८८२ साली ओव्हलवर ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला ७ धावांनी हरवलं आणि त्यातून ‘ॲशेस’चा जन्म झाला. त्या सामन्यात शेवटचा गडी पडला तेव्हा स्टड दुसऱ्या टोकाला नाबाद उभे होते. त्या डावात त्यांना एकही चेंडू खेळायला मिळाला नव्हता!

पुढे भाऊ मरणाच्या दारात असताना त्यांना कीर्ती पोकळ वाटू लागली. १८८५ साली ते केंब्रिजच्या सात तरुणांपैकी एक म्हणून चीनला निघाले. वारशाचे पैसे हाती आले तेव्हा त्यांनी ते वाटून टाकले. पाच-पाच हजार पौंडांचे चार धनादेश दिले. एक अनाथांचे पालनकर्ते जॉर्ज म्युलर यांना, एक मूडी यांना, एक लंडनच्या गरिबांतल्या कामाला आणि एक हिंदुस्थानातल्या मुक्तिफौजेच्या सेवेला. पुढे प्रिसिला स्ट्युअर्ट यांच्याशी लग्न ठरलं. उरलेली रक्कम त्यांनी तिला देऊ केली, तर तीही देऊन टाकू, असंच तिचं म्हणणं पडलं. एवढा त्याग वाचून मान खाली जाते. यात मला कुठलीही खोट काढायची नाही.

चीनमधून परतल्यावर १९०० ते १९०६ ते उटीच्या मंडळीचे पाळक होते. दर रविवारची उपासना, लोकांच्या घरी जाणं, चार मुलींचा संसार. साक्षीत या सहा वर्षांना एक वाक्य मिळतं. मला मात्र तिथेच थांबावंसं वाटलं, कारण आपल्यापैकी बहुतेकांचं आयुष्य त्या एका वाक्यासारखं असतं.

१९१३ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर आणि तब्येत ढासळलेली असताना, ते आफ्रिकेच्या मध्यभागी, कांगोत गेले. प्रिसिलाबाईंना हृदयाचा आजार होता. मध्ये एकदा घरी येऊन १९१६ मध्ये ते पुन्हा गेले, ते कायमचेच. त्यानंतर पतिपत्नींची भेट झाली फक्त एकदा, १९२८ मध्ये, जेमतेम दोन आठवडे. पुढच्याच वर्षी बाई गेल्या. १९३१ मध्ये इबांबी इथे स्टड प्रभूकडे गेले.

आता त्यांच्या शिकवणीकडे येऊ. एका पुस्तिकेत त्यांनी बेताने, सुखाने जगणाऱ्या ख्रिस्ती लोकांना चॉकलेटच्या शिपायांची उपमा दिली. दिसायला गोड, ऊन लागलं की वितळणारे. हा फटका योग्य जागी बसतो, हे आधी कबूल करायला हवं. रविवारी तास-दीड तास बसून आठवडाभर प्रभूला विसरणारे आपण आहोतच. पौलही रोमच्या मंडळीला सांगतो, की आस्थेत मंद होऊ नका. झोपलेल्याला हलवणारा माणूस शत्रू नसतो.

पण माझं म्हणणं असं, की स्टड यांनी आवेशाची मोजपट्टी केली आणि ती पट्टी स्वतःच्या उंचीची केली. ते दिवसाचे अठरा-अठरा तास राबत. तसंच सहकाऱ्यांनीही राबावं, ही अपेक्षा होती. ज्यांना जमलं नाही, ते दूर झाले किंवा दूर केले गेले. सुरुवातीचे सोबती आणि पुढे जावई झालेले आल्फ्रेड बक्स्टन यांच्याशीसुद्धा बिनसलं. थकलेलं शरीर ओढायला शेवटी मॉर्फिन लागू लागलं. हे त्यांना हिणवायला सांगत नाही. दुखणं खरं होतं, श्रमही खरे होते. पण विसावा घेणं म्हणजे वितळणं, असं एकदा ठरवलं की माणूस दुसऱ्याच्या थकव्यावर दया करायला विसरतो.

आणि तो आवेश उभा कशावर होता? लंडनच्या घरात आजारी प्रिसिलाबाई उठून बसल्या, पत्रं लिहू लागल्या, सभा घेऊ लागल्या, कामाला माणसं आणि पैसा मिळवू लागल्या. तो पैसा नोकरीधंदा करणाऱ्या साध्या लोकांच्या खिशातून येत होता. चॉकलेटच्या शिपायांच्या चित्रात या देणाऱ्यांची जागा कुठे आहे? मला तरी ती सापडली नाही.

आजचं वाचन इथेच बोलतं. थेस्सलनीकाची मंडळी थंड नव्हती. प्रभू येणार म्हणून ती आतुर होती, आणि त्या धांदलीत काहींनी कामधंदा सोडला होता. अशा लोकांना पौल काय सांगतो? आणखी पेटा, असं नाही. शांतपणे राहा, आपापला व्यवसाय करा, स्वतःच्या हातांनी काम करा, असं सांगतो. आणि हे सांगणारा स्वतः तंबू शिवून पोट भरणारा, मार खाऊनही सुवार्ता न सोडणारा. म्हणजे त्याच्या लेखी आवेश आणि सोमवार एकमेकांचे वैरी नव्हते.

एक सावधगिरी मात्र हवी. साधं जगणं हा आळसाला मिळालेला परवाना नाही. कोणाला प्रभू खरंच कांगोला बोलावत असेल, तर आईच्या गोळ्या हे निमित्त होऊ नये. म्हणून मी स्वतःला दोन प्रश्न विचारले. प्रभूने बोलावलं तर मी उठेन का? आणि आज त्याने जिथे ठेवलंय, तिथे मी त्याचा आहे का? पहिल्याचं उत्तर देताना मी अजून अडखळतो. दुसऱ्याची सुरुवात उद्या सकाळी होऊ शकते.

प्रार्थना : हे प्रभू, स्टड यांच्यासारख्या सेवकांसाठी तुझे आभार. आमची मरगळ काढ. आमच्या आवेशात प्रीती घाल, म्हणजे आमच्या उष्णतेने शेजारचा होरपळणार नाही. आमचा सोमवार तुझा होऊ दे. येशूच्या नावाने, आमेन.