शेंडेनक्षत्राचं साल सांगणारा हॅले

आभाळात शेंडेनक्षत्र दिसलं की संकट येतं, असं माझी आजी सांगते. शेंडेनक्षत्र म्हणजेच धूमकेतू. ही भीती ज्याच्या अभ्यासाने कमी झाली, त्या एडमंड हॅलेची गोष्ट मी तुम्हाला सांगणार आहे.

हॅलेचा जन्म १६५६ साली लंडनजवळ झाला. वडिलांचा साबणाचा धंदा होता. मुलाला मात्र आभाळाचा नाद! विसाव्या वर्षी कॉलेज अर्धवट सोडून तो जहाजाने दूर सेंट हेलेना बेटावर गेला. तिथून त्याने दक्षिणेकडच्या ३४१ ताऱ्यांच्या जागा मोजल्या. पुढे न्यूटनने गुरुत्वाकर्षणावर मोठा ग्रंथ लिहिला. तो १६८७ साली हॅलेने पदरचे पैसे घालून छापला.

१६८२ साली त्याने एक धूमकेतू पाहिला. मग त्याने जुन्या नोंदी काढून गणित मांडलं. १५३१ आणि १६०७ सालचे धूमकेतूही त्याच वाटेने आले होते. मधलं अंतर सुमारे ७६ वर्षांचं. म्हणजे हे तीन नाहीत, एकच आहे! तो १७५८ च्या सुमारास परत येईल, असं त्याने छापून सांगितलं.

आता बघा, तेव्हा हॅलेचं वय १०२ झालं असतं. आपलं खरं ठरतं का, हे बघायला तो असणार नव्हता. चुकला असता तर मागे हसं झालं असतं. तरी त्याने साल लिहून ठेवलं. १७४२ साली तो वारला. आणि १७५८ च्या नाताळच्या रात्री जर्मनीतल्या पालिच नावाच्या शेतकऱ्याला दुर्बिणीतून तो धूमकेतू दिसला! त्याला हॅलेचंच नाव मिळालं.

१९८६ साली तो आला तेव्हा युरोपचं जिओत्तो यान १४ मार्चला त्याच्यापासून सुमारे ६०० किलोमीटरवरून गेलं. धूमकेतूचा गाभा जवळून दिसला. तो भुईमुगाच्या शेंगेसारखा, सुमारे १५ किलोमीटर लांब आणि कोळशाहून काळा निघाला. त्यावर टेकड्या नि खळगे होते. उन्हाच्या बाजूने बर्फाची वाफ आणि धूळ फवाऱ्यासारखी उडत होती. तीच पुढे शेपटी होते. धुळीच्या माऱ्याने यानाचा कॅमेरा निकामी झाला, पण तोवर फोटो पृथ्वीवर पोचले होते. त्यात संकटबिंकट काही नव्हतं, नुसता बर्फ नि धूळ!

आता हा धूमकेतू २०६१ साली येणार. आजीला मी हे सारं वाचून दाखवलं. तर ती म्हणाली की मी काही तोवर राहत नाही, माझ्या वाटणीचंही तूच बघ. मी बघणार आहे. तुम्हीही साल लिहून ठेवा.

मित्रांनो, फळ आपल्याला बघायला मिळो ना मिळो, काम मात्र चोख करावं, हे मी हॅलेकडून शिकलो.

– इयत्ता सातवी