मास्टर विठ्ठल

मास्टर विठ्ठल (जन्म : १९०६, मृत्यू : १९६९) हे मराठी व हिंदी चित्रपटांतील अभिनेते आणि दिग्दर्शक होते. मूकपटांच्या अखेरच्या पर्वातील ते अत्यंत लोकप्रिय साहसी नायक होत. भारतातील पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१) याचे नायकही तेच होते. ज्या बोलपटाने त्यांचे नाव इतिहासात कायमचे नोंदविले, त्याच बोलपटाने हिंदी पडद्यावरील त्यांच्या अग्रस्थानाला मात्र धक्का दिला.

प्रारंभीचा काळ

विठ्ठल यांनी बालनट म्हणून रंगभूमीवर पदार्पण केले. पुढे ते कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दाखल झाले. या कंपनीत कलावंताला एकच एक काम नेमून दिलेले नसे. पडदे रंगविणे, छायालेखन, प्रयोगशाळेतील कामे आणि अभिनय या साऱ्यांची ओळख तेथे होत असे. विठ्ठल यांनी तेथे चित्रपटाच्या संकलनाचे काम केले व लहानसहान भूमिकाही केल्या. 'कल्याण खजिना' (१९२४) या शिवकालीन मूकपटात ते नर्तकीच्या रूपात पडद्यावर आले. पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची परंपरा तेव्हा नाटकाप्रमाणेच चित्रपटातही पूर्णपणे मावळली नव्हती.

शारदा फिल्म कंपनी

१९२५ मध्ये भोगीलाल दवे व नानूभाई देसाई यांनी मुंबईत शारदा फिल्म कंपनी स्थापन केली. पौराणिक कथांचा भर असलेल्या त्या काळात या कंपनीने तलवारबाजी, घोडदौड, उड्या आणि पाठलाग यांनी भरलेल्या साहसपटांची वाट धरली. या चित्रपटांचा चेहरा म्हणजे मास्टर विठ्ठल. 'रतन मंजरी' (१९२६) या चित्रपटात ते नायक म्हणून झळकले आणि त्यानंतर कंपनीचे प्रमुख नट बनले. कमावलेले शरीर व चपळ हालचाली यांमुळे त्यांना भारताचे डग्लस फेअरबँक्स म्हटले जाऊ लागले. त्या काळी सर्वाधिक मानधन घेणाऱ्या नटांत त्यांची गणना होई.

या यशामागे मूकपटाच्या माध्यमाचाही वाटा होता. संवाद पाट्यांवर छापलेले असत आणि त्या एकाहून अधिक भाषांत असत. त्यामुळे नट कोणती भाषा बोलतो, त्याचे उच्चार कसे आहेत, हा प्रश्न प्रेक्षकापुढे कधी येतच नसे. कोल्हापुरात घडलेला मराठी नट देशाच्या कोणत्याही भागातील प्रेक्षकांचा नायक होऊ शके.

'आलम आरा'

इंपिरियल फिल्म कंपनीचे अर्देशिर इराणी यांनी बोलपट काढण्याचे ठरविले, तेव्हा नायकाच्या भूमिकेसाठी मेहबूब खान हेही इच्छुक होते. परंतु नव्या व खर्चिक प्रयोगाला प्रस्थापित नाव हवे, म्हणून विठ्ठल यांची निवड झाली. त्यासाठी त्यांनी शारदा कंपनीशी असलेला करार मोडला आणि प्रकरण न्यायालयात गेले. विठ्ठल यांची बाजू बॅरिस्टर महंमद अली जीना यांनी मांडली व निकाल विठ्ठल यांच्या बाजूने लागला.

भूमिका मिळाली, तरी अडचण पुढेच होती. चित्रपटाचे संवाद हिंदी-उर्दू वळणाचे होते आणि विठ्ठल यांचे त्या भाषेतील उच्चार सफाईदार नव्हते. चित्र व ध्वनी एकाच वेळी मुद्रित होत असल्याने दुसऱ्याचा आवाज मागाहून जोडण्याची सोय नव्हती. स्टुडिओजवळून रेल्वेगाड्या जात, म्हणून बरेचसे चित्रीकरण रात्री गाड्या थांबल्यावर आणि ध्वनिग्राहक दृश्यात कोठेतरी लपवून करावे लागे. अखेर नायकाला बराच काळ बेशुद्ध किंवा अर्धवट शुद्धीत दाखवून त्यांचे संवाद कमी करण्यात आले. झुबेदा नायिका होत्या, तर पृथ्वीराज कपूर यांचीही चित्रपटात भूमिका होती. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात 'आलम आरा' प्रदर्शित झाला. प्रेक्षकांची झुंबड आवरण्यासाठी पोलिसांना बोलवावे लागले. पहिल्या बोलपटाचा नायक त्यात फारसा बोललाच नाही.

बोलपटाबरोबर गाणेही आले आणि स्वच्छ उच्चार व गाता गळा ही नायकाची मुख्य पात्रता ठरली. हिंदी चित्रपटांतील विठ्ठल यांचे महत्त्व यानंतर उतरणीला लागले.

दिग्दर्शन व उत्तरायुष्य

विठ्ठल यांनी चित्रपटसृष्टी सोडली नाही. दादासाहेब तोरणे यांच्या पुण्यातील सरस्वती सिनेटोनसाठी त्यांनी 'औट घटकेचा राजा' (१९३३) हा चित्रपट दिग्दर्शित केला. राजपुत्र व त्याच्यासारखाच दिसणारा गरीब मुलगा यांच्या अदलाबदलीची ही कथा होती. या दोन्ही भूमिका गायक नट शाहू मोडक यांनी केल्या. भारतीय बोलपटातील पहिली दुहेरी भूमिका असा तिचा उल्लेख केला जातो. या चित्रपटाची हिंदी आवृत्ती 'आवारा शहजादा' या नावाने निघाली.

अभिनेता म्हणून त्यांना पुन्हा स्थान मिळाले ते मराठी ऐतिहासिक चित्रपटांत. तेथे भाषा मातृभाषा होती आणि घोडा व तलवार जुन्या परिचयाची होती. भालजी पेंढारकर यांच्या 'नेताजी पालकर' (१९३९) आणि 'छत्रपती शिवाजी' (१९५२) या चित्रपटांत त्यांनी भूमिका केल्या. १९६९ मध्ये त्यांचे निधन झाले.

वारसा

भारतीय मूकपटांपैकी फारच थोडे आज उपलब्ध आहेत आणि 'आलम आरा'चीही प्रत शिल्लक नाही. त्यामुळे ज्या हालचालींसाठी विठ्ठल यांची ख्याती होती, त्या पाहण्याची संधी आजच्या प्रेक्षकाला जवळजवळ नाही. पहिल्या बोलपटाचे नायक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांची खरी कर्तबगारी मात्र त्याआधीच्या मूकपटांत होती.

निवडक चित्रपट

• कल्याण खजिना (१९२४) – अभिनय
• रतन मंजरी (१९२६) – अभिनय
• आलम आरा (१९३१) – अभिनय
• औट घटकेचा राजा / आवारा शहजादा (१९३३) – दिग्दर्शन
• नेताजी पालकर (१९३९) – अभिनय
• छत्रपती शिवाजी (१९५२) – अभिनय