माधव ज्युलियन
माधव त्र्यंबक पटवर्धन ऊर्फ माधव ज्युलियन (२१ जानेवारी १८९४, बडोदा – २९ नोव्हेंबर १९३९, पुणे) हे मराठी कवी, कोशकार आणि छंदःशास्त्राचे अभ्यासक होते. शब्दांची अक्षरांत फोड करून पद्याची लय नेमकी कशावर उभी असते, याचा मराठीतील सर्वांत पद्धतशीर शोध त्यांनी घेतला.

जीवन

मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून इंग्रजी व फारसी हे विषय घेऊन ते एम.ए. झाले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात व पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे ते प्रमुख कवी होते. १९३६ च्या जळगाव येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले.

छंदःशास्त्रातील कार्य

इंग्रजी पद्याची लय आघातावर चालते. ‘गुड-लुकिंग’ या जोडविशेषणाची गुड, लु, किंग अशी तीन अक्षरे पडतात. दोन्ही घटक आघातयुक्त असले, तरी मुख्य आघात ‘लु’वर असतो, विशेषण नामापूर्वी आले की तो बहुधा ‘गुड’कडे सरकतो. मराठी वृत्ते मात्र अक्षरांच्या लघुगुरुत्वावर उभी आहेत. तरीही आघात येथे अगदीच निरुपयोगी नाही. ‘सत्य’ या शब्दात जोडाक्षराचा आघात मागील अक्षरावर येऊन ‘स’ गुरू होतो. ‘तुझ्या’ या शब्दात तसा आघात नसल्याने ‘तु’ लघूच राहतो.

पटवर्धनांनी ‘छंदोरचना’ (१९२७, सुधारित आवृत्ती १९३७) या ग्रंथात पद्याचे छंद, जाती व वृत्त असे तीन वर्ग स्पष्ट केले. ओवी-अभंगांसारख्या छंदांत अक्षरसंख्या मोजली जाते व प्रत्येक अक्षराचा उच्चार गुरूच होतो, असे त्यांनी दाखविले. जातींची विभागणी त्यांनी मात्रांच्या आवर्तनांवरून केली: हर म्हणजे पाच, भृंग सहा, अग्नी सात आणि पद्म आठ मात्रा. या ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने १९३८ साली त्यांना डी.लिट. दिली, मराठीतील ही पहिली डी.लिट. होय.

अन्य लेखन

‘फारसी-मराठी कोश’ (१९२५) रचणाऱ्या पटवर्धनांनी ‘गज्जलांजली’ (१९३३) या संग्रहातून फारसी वृत्ते मराठीत रुजविली. पुढे ते भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले आणि स्वतःच्या आधीच्या कवितांतील फारसी शब्दही त्यांनी बदलले. कोशकाराच्या या मतांतराची चर्चा अभ्यासक आजही करतात; त्यांनी केलेली वृत्तांची मांडणी मात्र मराठी छंदःशास्त्राचा आधार ठरली आहे.